पट्टी लागली की बोलावणं झालं

गेल्या रविवारी दारावर एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात गुळगुळीत रंगीत कागद. "काका, साडेसहाशे चॅनल. आहे त्याच वायरीवर. भिंत फोडायची नाही, काही नाही, संध्याकाळपर्यंत चालू."

मी विचारलं, "शेवटच्या घरात दिसतं का?"

"कुठलं शेवटचं घर, काका?"

बस्स. डोक्यात तिडीकच गेली. कुठलं शेवटचं घर म्हणे! मी त्याला जिन्यातच असा काही झापला की समोरच्या वहिनी लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं चोर सापडला. बायकोने त्या माणसाला पाणी दिलं, त्याचा कागद ठेवून घेतला आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "अहो, वीस वर्षं झाली आता. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

दोष त्याचा नाही, एवढं मलाही कळतं. दोष कुणाचा ते मला बरोबर ठाऊक आहे, म्हणून तर राग जात नाही.

डिजिटल डबे यायच्या आधीची गोष्ट. मी डोंबिवलीत केबलवर लाइनमन होतो. शिडी, पक्कड, कमरेला वायरचं बंडल, आणि दिवसभर लोकांच्या गच्च्या. आमच्या शेठचं कंट्रोल रूम पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर होतं. खाली गहू दळला की वर यंत्रांवर पांढरा थर बसायचा, आणि मी रोज सकाळी जुन्या बनियनने तो पुसायचो. तिथून निघालेली वायर पूर्वेला मानपाड्यापर्यंत गेलेली, आणि दुसरी रूळ ओलांडून, पुलाच्या कठड्याला बांधून, पश्चिमेला थेट खाडीपर्यंत. वाटेत ठिकठिकाणी पत्र्याच्या डब्यात अँप्लिफायर. सिग्नल चालून चालून दमतो, त्याला पुढे ढकलायचं काम ह्या डब्यांचं. पश्चिमेची वायर संपायची ती कोळीवाड्यात, खाडीला लागून असलेल्या एका कौलारू घरात. ते आमचं शेवटचं घर.

तेव्हा आमच्याकडे चाळीस चॅनल होती आणि नऊ नंबरला आमचं स्वतःचं, घरचं चॅनल. त्यावर पूजा, नवरात्र, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम, काय वाट्टेल ते लागायचं. पण लोक नऊ नंबर लावायचे ते खालच्या पट्टीसाठी. उद्या पाणी येणार नाही. अमक्या बिल्डिंगमधून पोपट उडाला आहे. आणि दुःखद निधन.

निधनाची पट्टी शेठ फुकट लावायचे. फोटो नाही, फुलं नाही. नाव, पत्ता, अंत्ययात्रा किती वाजता. आपल्यात म्हणतात ना, सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि दुःखाला बोलावण्याची वाट बघू नये. म्हणायला सोपं आहे. पण ज्या घराशी दहा वर्षं अबोला आहे, त्या घरात काल कोण गेलं हे कळायचं कसं? फोन करायचा तर ह्याचं नाक खाली, चौकशी करायची तर त्याचं. पट्टीने हा प्रश्न सोडवला होता. कुणी कुणाला फोन केला नाही, कुणी कुणापुढे वाकलं नाही, आणि तरी सगळे वेळेवर खांदा द्यायला हजर. भाऊबंदकीतले, कोर्टकचेरीतले, सगळे. लोकांत म्हणच पडली होती, पट्टी लागली की बोलावणं झालं.

आमच्या आळीतले निवृत्त मास्तर मला दर वेळी बजावायचे, "मी गेलो की ऱ्हस्व-दीर्घ नीट घाल रे. चुकलास तर तिरडीवरून उठून येईन." पट्टी मीच टाइप करायचो. मास्तरांची पट्टीही मीच टाइप केली, दोनदा तपासून.

कोळीवाड्यातल्या त्या शेवटच्या घरात एक मावशी राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा खाडीत जायचा, त्या स्टेशनजवळच्या बाजारात मासळी घेऊन बसायच्या. मी लाइन तपासायला गेलो की वाटीभर सुके बोंबील कागदात बांधून द्यायच्या आणि मला 'वायरमन' म्हणून हाक मारायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर लावून लावून वाचायच्या. एकदा माझ्यावरच भडकल्या.

"वायरमन, तुजी पट्टी लय धावतं रं. मी 'कै' वाचेपरेंत मानूस स्मशानात!"

मी हसलो, पण कंट्रोल रूमला येऊन पट्टीचा वेग कमी केला. मग इतरांनी शिव्या घातल्या, पट्टी काय बैलगाडीने आणताय का म्हणून. घालू देत. वेग मी वाढवला नाही.

मावशींना पट्टी का हवी होती ते एके दुपारी कळलं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ मानपाड्याला राहायचा. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात नोकरीला लागलेला. बाप गेल्यावर त्याने बापाची होडी बहिणीला न विचारता विकून टाकली. कोळ्याच्या घरची होडी! मावशींनी त्याला सगळ्या वाड्यासमोर नाही नाही ते ऐकवलं, तोही ताडताड बोलला, आणि तो जो उठून गेला तो परत खाडीकडे फिरकला नाही. वाड्यानेही त्याचं नाव टाकलं. आता तो आजारी होता, उठत नव्हता, एवढं बाजारात कुणाकडून तरी कानावर आलेलं.

"मग जाऊन या ना," मी म्हटलं.

"मी नाय जायची. त्यानं बोलवाया नको?" मग मासळीची पाटी घासता घासता, "मना त्याच्या घरचं कोन सांगनार नाय. पन पट्टी तं लावतील ना? जित्तेपनी तोंड नाय बगितला. मेल्यावर तरी एकदा बगीन."

"लावतील, मावशी."

"आनि मना दिसल?"

"तुमच्या घरात दिसेल. माझी जबाबदारी."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! कुणी मागितली होती जबाबदारी?

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या एका केबलवाल्याने आमच्या भागात वायर टाकायला घेतली. पेपरातून त्याचा कागद आला, 'नव्वद चॅनल'. शेठचा चेहरा तो कागद वाचून असा झाला की वाटावं, घरात कुणाचं बरंवाईट झालंय की काय. शेठ माणूस वाईट नव्हता. माझ्या लग्नात अक्षता टाकायला आलेला, माझ्या आईच्या ऑपरेशनला दवाखान्यात बसून राहिलेला. हेच तर वाईट! वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"पंधरा दिवसांत आपले पण नव्वद," शेठ म्हणाले.

मी म्हटलं, "शेठ, डबे चाळीसचे आहेत. वायर किती जुनी आहे ते तुम्हालाच माहीत. आधी लाइन बदला, डबे बदला, मग चॅनल वाढवा. पूर्वेची लाइन आधी करू, मग पश्चिमेची. सहा महिने लागतील."

"सहा महिन्यांत गिऱ्हाईक राहील का रे? गेन वाढव आणि गप बस."

गेन म्हणजे डब्यातला एक स्क्रू. पेचकसाने फिरवला की सिग्नलचा जोर वाढतो. पण नव्वद चॅनल भरलेल्या डब्याचा जोर वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो, नाहीतर सगळी चॅनल एकमेकांच्या अंगावर पडतात. चाळीस पानांची डाळ शिजवलीय, नव्वद माणसं बसवलीत आणि वर म्हणताय आच वाढव. करपणारच! हे मला कळत होतं. कुठल्या कॉलेजात नाही शिकलो, शिडीवर उभा राहून शिकलो. मी शेठना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "तू लाइनमन आहेस की मालक?" त्यावर मी गप्प बसलो. घरी बायकोचे दिवस भरत आलेले. मी गप्प बसलो हे मी लपवत नाही.

नव्वद चॅनल झाली. चौकात बॅनर लागला, त्यावर शेठचा हात जोडलेला फोटो. आणि नव्वद चॅनल मांडायची म्हटल्यावर पहिले नंबर मोठ्या चॅनलवाल्यांना गेले, आमचं घरचं चॅनल नऊवरून उचलून अठ्ठ्याऐंशीवर टाकलं. म्हणजे पार शेवटच्या बाकावर. आता ह्यातली मेख अशी, की जुन्या वायरीत खालचे नंबर लांबपर्यंत जातात आणि वरचे नंबर वाटेतच दम टाकतात. स्टेशनपर्यंत अठ्ठ्याऐंशी नीट दिसायचं. रूळ ओलांडला की अंधुक. कोळीवाड्यात नुसत्या मुंग्या. खरखर आवाज आणि पडदाभर पांढऱ्या-काळ्या मुंग्या.

आणि बाकीच्या चॅनलांचं तरी काय कौतुक? बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावरून क्रिकेटचा बॉलर धावत जायचा. नाटक लावावं तर मागे कुणाचं तरी कीर्तन. नाव मोठं, लक्षण खोटं! लोक फोन करकरून जीव खायला लागले. मी एका गल्लीतला गेन वाढवला की पुढच्या गल्लीत बोंब, पुढच्या गल्लीत गेलो की मागच्यात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं महिनाभर चाललेलं.

कंट्रोल रूममध्ये एक तक्रारवही असायची. लांबडी, लाल पुठ्ठ्याची. तारीख, घर, तक्रार, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. काम झालं की तिथे लाइनमनने 'ठीक' लिहायचं. तक्रारी साठल्या तसे शेठ एक दिवस म्हणाले, "ही वही बाहेरचं कुणी बघितलं तर काय इज्जत राहील? जाऊन आलास ना घरी? मग ठीक लिही."

"पण ठीक झालेलं नाहीये."

"जाऊन आलास ना?"

मग मी तसं लिहायला लागलो. जाऊन आलो की ठीक.

मावशी तीनदा आल्या. बाजार आटोपून, रिकामी पाटी काखेत घेऊन गिरणीचा जिना चढून वर आल्या. "वायरमन, मना मुंग्याच दिसतान." पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जाऊन अठ्ठ्याऐंशी नंबर लावून दिला, वाड्याच्या तोंडाशी असलेल्या डब्याचा गेन वाढवला. तासभर पट्टी दिसली. संध्याकाळी परत मुंग्या. दुसऱ्यांदा कनेक्टर बदलले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी टीव्हीच्या मागे वाकून उगाच वायर हलवली आणि म्हटलं, "होईल आता हळूहळू." त्या टीव्हीसमोर पाटावर बसलेल्या. मुंग्यांकडे बघत. मला म्हणाल्या, "दिवसभर लावूनच ठेवते. मदीच कवा दिसलं तं." तिन्ही वेळा येऊन मी वहीत लिहिलं, ठीक.

त्यानंतर आठवड्याभरातली एक सकाळ. मी साडेआठला कंट्रोल रूममध्ये आलो. त्या दिवशी पट्टी शेठच्या पुतणीने टाइप करून सोडलेली होती. समोरच्या टीव्हीवर ती सावकाश जात होती, मी ठरवलेल्या वेगाने. कंट्रोल रूममधल्या टीव्हीवर अठ्ठ्याऐंशी आरशासारखं स्वच्छ दिसायचं. दिसणारच, तिथूनच तर निघत होतं. कैलासवासी अमुक अमुक यांचे पहाटे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता मानपाडा येथील राहत्या घरून निघेल.

मी ती पट्टी पूर्ण वाचली. नाव मावशींच्या तोंडून ऐकलेलं, आडनाव कोळीवाड्यातलं. मावशींचा भाऊ. मला कळलं.

आणि माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, अरेरे, गेला वाटतं. मावशी निघाल्या असतील आता रिक्षाने. पट्टी लागली म्हणजे बोलावणं झालं. वही टेबलावर पडलेली, त्यात मावशींच्या घरापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं ठीक. मी बनियनने यंत्रांवरचं पीठ पुसलं, शिडी खांद्यावर घेतली आणि पूर्वेच्या एका सोसायटीत तक्रार होती तिकडे गेलो. साडेदहाला मी त्यांच्या गच्चीवर होतो. माझ्याकडे सायकल होती. कोळीवाडा वीस मिनिटांवर होता. मावशींकडे फोन नाही हे मला माहीत होतं. त्यांच्या टीव्हीत मुंग्या आहेत हे तर दुसऱ्या कुणालाच नाही, मलाच माहीत होतं! च्यायला, दुसऱ्याला खोटं सांगता सांगता माणूस स्वतःच ते खरं मानायला लागतो.

मावशी आल्या त्या तीन दिवसांनी. पाटी नव्हती काखेत. शेठ खाली गिरणीवाल्याशी बोलत होते, वर मी एकटाच. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"पट्टी लागलेली?"

मला वाटलं खोटं बोलावं. नाही बोलता आलं. "हो."

"भाजीवाली बोलली. मानपाड्याचीच हाय ती, शेजारी बसतं बाजारात. बोलली, तू का नाय आलीस गो, अख्खा दिवस पट्टी व्हती. तू बगितलीस?"

"हो, मावशी."

"किती वाजता?"

"साडेआठला."

त्या ओरडतील, पायातलं काढतील, असं मला वाटलं. मी वाटच बघत होतो. कुणीतरी मला त्या दिवशी मारायला हवं होतं. पण त्या आत आल्या, खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मना दाखव."

"काय दाखवू?"

"पट्टी. मना वाचायची हाय."

पट्टी काढून टाकलेली होती. मी परत टाइप केली. नाव लिहिताना दोनदा चुकलो. चॅनलवर न सोडता फक्त समोरच्या टीव्हीवर लावली, आणि वेग आणखी कमी केला. मावशी टीव्हीच्या अगदी जवळ सरकल्या. बोटाने अक्षरामागून अक्षर धरत, ओठ हलवत वाचत गेल्या. भावाच्या नावावर बोट थांबलं, पण पट्टी थांबत नव्हती, ती बोटाखालून पुढे गेली. मग त्याची वाट बघत बसल्या. पट्टी परत आली. परत नाव, परत मानपाडा, परत अकरा वाजता.

"निघेल," त्यांनी शेवटचा शब्द वाचला. "निघेल लिवलंय रं. मंजे अजून निघायचाय."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला दिसलं असेल." ऐका! हे बोललो मी. ह्याच तोंडाने.

"तीनदा आले ना मी," त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही. "तू लिवून घेतला व्हतास ना? कुठं लिवलास?"

मी वही लपवायला हवी होती, की दाखवायला हवी होती, अजून ठरत नाही. ती टेबलाच्या कडेलाच होती. त्यांनी स्वतः हात लांबवून ओढली आणि मांडीवर घेतली. मी त्यांच्या घराच्या ओळी दाखवल्या. एक ह्या पानावर, दोन पुढच्या. त्यांनी तारीख सोडली, तक्रार सोडली, बोट सरळ शेवटच्या रकान्यावर नेलं.

"ठी... क," त्यांनी वाचलं. पान उलटलं. "ठीक." मग खालच्या ओळीवर बोट आणलं, आणि हे मात्र त्यांना लावावं लागलं नाही. "ठीक."

वही मिटून त्यांनी टेबलावर होती तशीच ठेवली. पदर सारखा करून उठल्या. दारापाशी जाऊन वळल्या, माझ्याकडे नीट बघितलं.

"अक्षर बेस हाय रं तुजं," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.